सहभाषेतला ‘सह’ म्हणजे नेमके काय?

राजभाषेचा विषय निघाला की गोव्यात एक शब्द हमखास कानावर पडतो, तो म्हणजे सहभाषा. ‘कोकणी राजभाषा आणि मराठी सहभाषा’ असे व्यासपीठांवरून बोलले जाते, वर्तमानपत्रांतून छापले जाते. इंग्रजीत लिहिणारे त्यालाच ‘को-ऑफिशियल’ म्हणतात. काहींना हा शब्द मराठीला फार मोठे माप देणारा वाटतो, तर काहींना तो मराठीची बोळवण करणारा वाटतो. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. पण ज्या इवल्याशा उपसर्गावर एवढे घोडे अडले आहे, त्या ‘को’चा आणि ‘सह’चा अर्थ काय, तो आला कुठून आणि त्यातून आपल्या पदरात नेमके काय पडते, हे मात्र क्वचितच तपासले जाते. जमीन घेताना आपण एक-चौदाचा उतारा बारकाईने पाहतो. मग भाषेचा दर्जा मागताना ज्या शब्दात तो मागायचा, तो शब्दही पाहून घ्यायला हवा, असे आम्हांस वाटते.

इब्रामपूरसारख्या गावाला हा विषय पुस्तकी नाही. पेडणे तालुक्याच्या कडेचे हे गाव. हणखण्याबरोबर त्याची पंचायत, आणि सीमा ओलांडली की दोडामार्ग, सावंतवाडीचा मुलूख. सोयरीक दोन्हीकडे, देवाच्या जत्रा दोन्हीकडे, दशावताराचा खेळ दोन्हीकडे. घरात आपण बोलतो ती पेडण्याची बोली. वाचतो, लिहितो, पोथी लावतो, लग्नपत्रिका छापतो ती मराठीत. पण पलीकडच्या आतेभावाला सातबारा मराठीत मिळतो, कारण महाराष्ट्राचा राजभाषा कायदा १९६४ सालापासून मराठीचा आहे. आपला एक-चौदाचा उतारा पाहा. छापील रकान्यांची नावे इंग्रजीबरोबर देवनागरीतही आहेत: सर्वे नंबर, हिस्सा नंबर, कब्जेदाराचे नाव, फेरफार नंबर. रकान्यात भरलेला मजकूर मात्र इंग्रजीत. म्हणजे डबा आपला आणि आतला शिधा दुसऱ्याचा. ‘सह’ या शब्दाचा अर्थ एवढाच असेल, तर तो आपण नीट समजून घेतला पाहिजे.

‘को’ आला कुठून?

इंग्रजीतला ‘को’ मूळचा इंग्रजी नव्हे. तो लॅटिन भाषेतला. लॅटिनमध्ये ‘कुम्’ म्हणजे सोबत, आणि त्याचेच जुने रूप ‘कोम्’. दुसऱ्या शब्दाला चिकटताना या ‘कोम्’चा शेवट पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. आपल्याकडे संधीच्या नियमांनी होते तसेच. प, ब, म यांच्यापुढे तो ‘कॉम’ राहतो, ल पुढे ‘कॉल’ होतो, र पुढे ‘कोर’ होतो, इतर बहुतेक व्यंजनांपुढे ‘कॉन’ होतो आणि स्वरापुढे नुसताच ‘को’ उरतो. पुढे हा आखूड ‘को’ इंग्रजीत मोकळा सुटला. विशेषतः सतराव्या शतकापासून तो वाटेल त्या शब्दाला लावला जाऊ लागला.

हा उपसर्ग आपण रोज बोलतो, फक्त तो लक्षात येत नाही. कलेक्टर म्हणजे ‘कोल्’ आणि वेचणे: सगळे एके ठिकाणी वेचून आणणारा, मूळचा महसूल गोळा करणारा. कंडक्टर म्हणजे सोबत घेऊन जाणारा. कमिटी आणि कमिशन या दोहोंत ‘सोबत धाडणे, सोपवणे’ हा धातू आहे. कोर्ट हा शब्द लॅटिन ‘कोहोर्स’वरून आला आणि त्याचा जुना अर्थ कुंपण घातलेले अंगण असा आहे. कंपनी हा शब्द तर फारच गोड: ‘कोम्’ आणि ‘पानिस’. पानिस म्हणजे पाव. एका पावातला तुकडा वाटून खाणारे ते सोबती, त्यांची ती कंपनी. याच लॅटिन पानिसचे पोर्तुगीजमध्ये ‘पांव’ झाले आणि तोच आपल्या घरी येणारा पाव. म्हणजे पोदेराच्या टोपलीतला पाव आणि शेअरबाजारातली कंपनी यांचे मूळ एकच.

सगळेच ‘को’ मात्र या घराण्यातले नव्हेत. कॉर्पोरेशनमधला ‘कोर’ हा उपसर्ग नाही, तिथे ‘कोर्पुस’ म्हणजे शरीर हा शब्द आहे. कोकोनट मधला ‘कोको’ पोर्तुगिजांचा. करवंटीवरच्या तीन डोळ्यांत त्यांना वाकुल्या दाखवणारा चेहरा दिसला, त्यावरून ते नाव पडले. आणि जुन्या गणिती परिभाषेतल्या ‘कोज्या’तला ‘को’ तर आपल्याच ‘कोटि’चा आहे, कारण मूळ संस्कृत शब्द कोटिज्या. इंग्रजीतल्या ‘कोसाइन’चा ‘को’ वेगळा. १६२० साली एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने ‘कोटिकोनाची ज्या’ या अर्थाने तो लावला. दोन भाषांतले दोन ‘को’ एकाच संज्ञेवर येऊन बसले, हा निव्वळ योगायोग. अक्षर सारखे दिसले म्हणून नाते सारखे समजू नये, हा धडा राजकारणातही उपयोगी पडतो.

पेडण्यात तो आधी पोर्तुगीज वेषात आला

आमच्या भागाची या उपसर्गाशी पहिली गाठ इंग्रजीतून पडली नाही. १७८८ साली पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले आणि ‘नोव्हाश कोंकिश्ताश’, म्हणजे नव्या काबिजादीत मोडू लागले. कोंकिश्त या शब्दात हाच ‘कोम्’ आहे. इथे मात्र त्याचा अर्थ ‘सोबत’ नसून ‘पुरते’ असा आहे. मूळ धातू शोधण्याचा, मिळवण्याचा. पुरते मिळवले म्हणजे जिंकले. या उपसर्गाची ही दुसरी बाजू विसरू नये. तो कधी सोबत दाखवतो, तर कधी नुसता जोर वाढवतो. करप्शन या शब्दातही तोच आहे: ‘कोर्’ आणि मोडणे, म्हणजे पुरते मोडून टाकणे. सर्वांनी मिळून मोडणे असा अर्थ कोणी काढला तर व्याकरण हरकत घेईल, पण अनुभव घेणार नाही!

काबीज केल्यावर राज्यकर्त्यांनी तालुक्याला ‘कोंसेल्यु’ म्हटले. त्याचे मूळ लॅटिनमधले ‘एकत्र बोलावणे’ या अर्थाचे. आणि गावकरीला त्यांनी नाव दिले ‘कोमुनिदाद’. हा शब्द थोडे थांबून पाहण्यासारखा आहे. ‘कोम्’ आणि ‘मुनुस’. मुनुस म्हणजे अंगावर घेतलेले काम, कर्तव्य, वाटा. ज्यांनी गावची कामे वाटून घेतली आहेत ते सर्व मिळून कोमुनिदाद. १५२६ च्या फोरालात, म्हणजे गावच्या रूढी नोंदवणाऱ्या सनदेत, आणि पुढे १९६१ च्या कोमुनिदाद संहितेत या संस्थेचे नियम लिहिले गेले. पण संस्था त्यांनी निर्माण केलेली नाही, ती आधीच इथे होती. बांध घालणे, देवळाचा उत्सव, पाण्याची पाळी, रखवालीची पाळी हे सारे गाव वाटून घेत होता. वाट्याला हक्क आला तसे कामही आले, आणि काम करील त्याचा हक्क टिकला. ‘सह’ या कल्पनेचा हा सर्वांत भक्कम अर्थ आहे आणि तो आपल्या गावकरीने लॅटिन न शिकता ओळखला होता.

एकच ‘को’, दोन दर्जे

मुक्तीनंतर इंग्रजीतले ‘को’ आले. त्यांतला सर्वांत परिचयाचा को-ऑपरेटिव्ह, म्हणजे सहकारी. १९०४ साली भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. गोव्याचा स्वतःचा सहकारी संस्था कायदा २००१ चा. गावच्या सोसायटीचे मूळ तत्त्व सर्वांना ठाऊक आहे. एकाचे दहा शेअर असोत की हजार, सभेत मत एकच. इथे ‘को’ म्हणजे बरोबरी.

आता मोपाकडे पाहा. पेडणे तालुक्यातल्या या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. विमानात पायलट असतो आणि को-पायलट असतो. को-पायलटही विमान उडवतो, त्याचेही शिक्षण पुरे असते, पण शेवटचा निर्णय कप्तानाचा. इथे ‘को’ म्हणजे बरोबरी नव्हे, दुय्यमपणा. को-ऑथर म्हटले की दोन लेखक बरोबरीचे, को-पायलट म्हटले की दुसरा हाताखालचा. उपसर्ग एकच, त्यात फरक कुठेही लिहिलेला नाही. फरक कळतो तो कामाच्या वाटणीवरून.

तिसरा एक ‘को’ राजकारणात फार चालतो, तो म्हणजे को-ऑप्ट करणे. ‘ऑप्ट’ म्हणजे निवडणे. मूळ अर्थ, असलेल्या सभासदांनी नव्याला आपल्यात निवडून घेणे. आपल्याकडे त्याला स्वीकृत सदस्य म्हणतात. पण १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीप्रमाणे पालिकांवर विशेष ज्ञानासाठी नेमलेल्या सदस्याला मतदानाचा अधिकार नसतो. खुर्ची मिळते, चहा मिळतो, मत मिळत नाही. म्हणूनच इंग्रजीत या क्रियापदाला दुसरा अर्थ चिकटला: विरोध करणाऱ्याला आत घेऊन गप्प करणे. भाषेच्या बाबतीतही सत्तेला हा मार्ग सोयीचा असतो. अकादमीला अनुदान, एखादा पुरस्कार, एखादा दिवस साजरा, आणि कार्यालयातली फाइल मात्र होती तशीच.

आपला ‘सह’ काय सांगतो?

‘को’चे भाषांतर आपण ‘सह’ असे करतो. हे दोन शब्द एका मुळाचे नव्हेत. संस्कृतमधले सम्, सम, स यांचे नातेवाईक ग्रीकमधला ‘होमो’, लॅटिनमधला ‘सिमुल’ आणि इंग्रजीतला ‘सेम’ हे आहेत. तेव्हा आपले शब्द उसने आहेत असे मानण्याचे कारण नाही. उलट या भाषांचे आपसांतले नाते पहिल्यांदा ज्यांच्या नजरेत आले, त्यांतला एक माणूस गोव्यात बसला होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषा ग्रीक-लॅटिनशी मिळत्याजुळत्या असल्याचे नोंदवले. सर विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातले प्रसिद्ध भाषण १७८६ चे, म्हणजे दोनशेवर वर्षांनंतरचे. याच स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले, आणि त्यानेच लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. एका हाताने मराठी पुराण, दुसऱ्या हाताने कोकणीचे व्याकरण. परदेशातून आलेल्या माणसाला दोहोंत निवड करावी लागली नाही.

संस्कृत व्याकरणात ‘सह’विषयी एक मजेदार नियम आहे. ‘सह’ ज्याला जोडला जातो त्याला तृतीया विभक्ती होते आणि तो वाक्यात अप्रधान ठरतो, असे पाणिनीने सांगितले आहे. ‘मुलासह वडील आले’ या वाक्यात प्रधान कोण? वडील. मुलगा सोबतीला. ‘कुटुंबासह यावे’ असे पत्रिकेत छापतो तेव्हा निमंत्रण नावावर असते आणि कुटुंब त्याच्या पाठीमागून येते. पण हाच ‘सह’ समासात आला की बरोबरीचा होतो: सहाध्यायी, सहकारी, सहप्रवासी. एका बाकावर बसलेल्या दोन सहाध्यायांत मोठा कोणी नसतो. म्हणजे इंग्रजी ‘को’ची जी गत तीच आपल्या ‘सह’ची. तो बरोबरीही सांगतो आणि दुय्यमपणाही. मग ‘सहभाषा’ म्हणताना आपण सहाध्यायी म्हणतो आहोत की कुटुंबासह म्हणतो आहोत? सरकार एक अर्थ घेते, आपण दुसरा, आणि दोघेही समाधानी दिसतात. नुकसान मात्र एकाचेच होते.

कायद्यात आहे ते ‘सुद्धा’

आता मूळ मुद्दा. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गोवा, दमण व दीव विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केले. त्याच साली ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. या कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरली. मराठीसाठी जी तरतूद केली तिचा आशय असा की, सर्व किंवा कोणत्याही शासकीय कारणांसाठी मराठीचासुद्धा वापर होईल. सहभाषा, सहराजभाषा, को-ऑफिशियल हे शब्द व्यासपीठांवरचे. कायद्यातला शब्द ‘सुद्धा’.

‘सुद्धा’ हा शब्द लहान असला तरी कमी नव्हे. पण त्याच्या शेजारी बसलेला ‘किंवा कोणत्याही’ हा शब्दप्रयोग लक्षात घ्या. सर्व कारणांसाठी वापर केला तरी कायदा पाळला गेला, आणि एका कारणासाठी केला तरी पाळला गेला. निवड सरकारच्या हाती. म्हणून गेल्या इतक्या वर्षांत पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, पण मराठीत अर्ज करणाऱ्याला इंग्रजीत उत्तर येण्याचा प्रकार बदलला नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या कपाटात अशी उत्तरे जपून ठेवलेली असतील.

केंद्रात काय घडले ते पाहिले तर वाट दिसते. घटनेप्रमाणे १९६५ नंतर केंद्राचा कारभार हिंदीत चालायचा होता. बिगर-हिंदी राज्यांची चिंता ओळखून पंडित नेहरूंनी १९५९ साली लोकसभेत आश्वासन दिले की, त्या लोकांची इच्छा असेतोवर इंग्रजी सोबतीची भाषा म्हणून राहील. १९६३ च्या राजभाषा कायद्यातही इंग्रजीला ‘सह’ हा किताब दिलेला नाही. हिंदीच्या जोडीने तिचा वापर चालू राहील, एवढेच म्हटले आहे. लोकव्यवहारात तिला सहराजभाषा म्हणू लागले. मग इंग्रजी टिकली कशी? १९६७ च्या दुरुस्तीने कायद्यात एक यादी आली. ठराव, सर्वसाधारण आदेश, नियम, अधिसूचना, प्रसिद्धिपत्रके, करार, परवाने, निविदांचे नमुने हे हिंदी व इंग्रजी या दोन्ही भाषांत काढलेच पाहिजेत, असे त्यात बंधन आहे. उपसर्गाने इंग्रजीला वाचवले नाही, या यादीने वाचवले.

याच्या उलट उदाहरण आयर्लंडचे. त्यांच्या १९३७ च्या घटनेत आयरिश ही पहिली राजभाषा आणि इंग्रजी दुसरी. मान सगळा आयरिशचा. पण बाजार, कोर्ट, कचेरी इंग्रजीत चालत राहिली आणि रोजच्या व्यवहारात आयरिश बोलणारे थोडेच उरले. पहिलेपणाचा शिक्का मिळूनही भाषा मागे पडू शकते, हे कोकणीच्या अभिमान्यांनीही पाहावे.

कारण आपल्याकडेही तेच चालले आहे. कोकणी व मराठी ‘सह’च्या मापावरून एकमेकींकडे डोळे वटारून उभ्या आहेत आणि ज्या भाषेला आपल्या राजभाषा कायद्याने राजभाषा म्हटलेले नाही, ती इंग्रजी सगळे टेबल व्यापून बसली आहे. २०११ साली प्राथमिक स्तरावरच्या इंग्रजी माध्यमाला अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा कोकणीवादी आणि मराठीवादी भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या एका झेंड्याखाली रस्त्यावर आले होते. त्या वेळी कोणी कोणाला विचारले नाही की, तू राजभाषा की सहभाषा. खरा ‘सह’ तेव्हा दिसला होता.

मागायचे ते काय?

काही जण लगेच म्हणतील की, मराठीचे नाव काढले म्हणजे पुन्हा विलीनीकरणाचे भूत उभे केले. त्यांना आमचे उत्तर स्पष्ट आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात एक लाख ७२ हजार १९१ मते संघप्रदेशाला आणि एक लाख ३८ हजार १७० मते विलीनीकरणाला पडली. पेडणे, डिचोली, सत्तरीचा कल विलीनीकरणाकडे होता हे खरे. पण निकाल लागला, तो सर्वांनी मानला आणि तो विषय संपला. आज आम्ही बोलतो ते गोव्याचे नागरिक म्हणून, गोव्याच्या कायद्याविषयी. कोकणीचे एक अक्षरही कमी व्हावे असे आम्हांस वाटत नाही. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा मानले, १९९२ साली ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली, हे सारे गोमंतकाचेच वैभव आहे. बा. भ. बोरकरांची मराठी कविता घराघरांत आहे आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना ‘ससाय’ या कोकणी काव्यसंग्रहासाठी मिळाला. बोरकरांना दोन भाषा जड झाल्या नाहीत, तर सरकारला का व्हाव्यात?

आमचे म्हणणे तीन कलमांत मांडतो.

पहिले, घटनेच्या ३४५ व्या कलमाने राज्याच्या विधानसभेला राज्यात वापरात असलेली एक किंवा अधिक भाषा राजभाषा म्हणून स्वीकारण्याची मुभा दिली आहे. ‘एक किंवा अधिक’ असे शब्द घटनेतच असताना, उपसर्ग लावून कोणालाही लहान करण्याची गरज नाही. दोन भाषांना ‘राजभाषा’ हे एकच नाम द्यावे. उपसर्ग कधी एकटा उभा राहत नाही, नाम मात्र स्वतःच्या पायावर उभे असते.

दुसरे, कायद्यात दुरुस्ती व्हायची तेव्हा होवो, तोवर आजच्या ‘सुद्धा’चा अर्थ लेखी ठरवावा. केंद्राच्या १९६७ च्या यादीसारखी यादी गोवा सरकारने काढावी. एक-चौदाच्या उताऱ्यातील भरलेला मजकूर, फेरफाराची नोटीस, रेशनकार्ड, वीज व पाण्याची बिले, भूसंपादनाच्या नोटिसा, ग्रामसभेच्या सूचना व इतिवृत्त, हे नागरिकाच्या मागणीप्रमाणे कोकणीत किंवा मराठीत मिळालेच पाहिजेत. भूसंपादनाची नोटीस ज्याची जमीन जाते त्याला वाचता आली नाही, तर हरकत घेण्याची मुदत त्याच्या डोळ्यांदेखत निघून जाते. मोपाच्या काळात पेडणे तालुक्याला नोटीस, मोबदला, हरकत हे शब्द चांगलेच परिचयाचे झाले. भाषेचा दर्जा हा साहित्य संमेलनाचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा अशी नोटीस हातात धरून पाहावी.

तिसरे कलम आपल्यासाठी आहे. ‘कोमुनिदाद’चा अर्थ आपण वर पाहिला: काम वाटून घेतील त्यांचा हक्क. सहकारी सोसायटीत मत मिळते ते सभेला हजर राहणाऱ्याला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला आणि आपण सर्वांनी पेढे वाटले. आनंद झालाच पाहिजे. पण त्या दिवसानंतर आपल्यापैकी किती घरांतून मामलेदार कचेरीत मराठीतला अर्ज गेला? भाऊसाहेब बांदोडकर १९६३ साली मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. त्या शाळांत शिकलेल्या पिढीने आपल्या नातवंडांची नावे कुठल्या माध्यमात घातली? अर्जच इंग्रजीत केला तर उत्तर मराठीत कसे येणार? कायद्याने ‘सुद्धा’ म्हटले आहे, तर निदान आपण तरी तेवढे वापरू या.

म्हणून इब्रामपूर-हणखणे, चांदेल, धारगळ, तोरसे, तसेच नदीपलीकडच्या डिचोली तालुक्यातल्या आपल्या सर्व जुन्या घराण्यांना आमची विनंती आहे. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. पंचायतीचे इतिवृत्त व सूचना कोकणी-मराठीत काढाव्यात, एवढाच साधा ठराव. तो मराठीतच लिहून द्या आणि त्याची पोच घ्या. कचेरीत अर्ज कराल तो मराठीत करा, उत्तर इंग्रजीत आले तर कायद्याचा हवाला देऊन मराठीत पुन्हा मागा, आणि दोन्ही कागद जपून ठेवा. शंभर घरांचे असे कागद एकत्र झाले, तर ते घेऊन विधानसभेच्या सदस्याकडे जाता येईल. सहभाषा या शब्दाचा खरा अर्थ काय, हे मग आमच्या लेखापेक्षा त्या कागदांच्या गठ्ठ्यावरून त्यांना अधिक लवकर कळेल.